जुनं रामायण परत बघायचं तर डीव्हीडी घ्यावी की नेटवरच लावावं?

आधीच सांगतो, आमच्याकडे दोन्ही चालतं. नेटवर पण बघतो आणि डीव्हीडीचा सेट पण आहे. पण परवा राजेंद्र नगरहून माझ्या मावसभावाचा फोन आला, मावशीला दर रविवारी सकाळी रामायण लावून द्यायचंय, तेच आपलं अरुण गोविलवालं, तर सेट शोधत बसू की नेटवरच लावून देऊ, तिथे तर सगळं फुकट आहे. मी पाऊण तास बोललो तरी त्याचं काही ठरेना, म्हणून नीट लिहूनच काढतोय. तुमच्याही घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल, किंवा आपलं लहानपण मुलांना दाखवायची तुमची स्वतःचीच इच्छा असेल, तर कदाचित उपयोग होईल.

एक गोष्ट आधी बोलायला हवी, कारण ती इंदूरच्या मराठी घरांचीच आहे. पुण्या-मुंबईची आमच्या वयाची माणसं लहानपणच्या टीव्हीबद्दल बोलायला लागली की गजरा, किलबिल, छायागीत, चिमणराव गुंड्याभाऊ असं सुरू होतं आणि आपण नुसतं ऐकत बसतो. ते मुंबई केंद्र होतं, आपल्या गच्चीवरच्या अँटेनाला ते कुठून सापडणार. आपल्याकडे दिल्ली यायची. मराठी कानावर पडायचं ते रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमा असायचा तेव्हा, आणि तोही कधी तमिळ, कधी आसामी, कधी बंगाली, असं करत करत मराठीची पाळी यायला किती आठवडे लागायचे. आजी पेपरात आधी ते बघायची. मे महिन्यात ठाण्याला मामाकडे गेलो की आम्ही भावंडं टीव्हीसमोरून उठायचोच नाही, मामी म्हणायची अरे खेळायला जा, पण आम्हाला मराठी बोलणारा टीव्ही बघायचा असायचा. घरी बसून रोज मराठी बघायचं म्हणजे थेट 1999 साली अल्फा मराठी आलं तेव्हा, आणि तेसुद्धा केबलवाल्याच्या मागे लागून.

म्हणून रामायण आमच्यासाठी दुहेरी होतं. 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं, रविवारी सकाळी साडेनऊला, आणि पहिल्या काही आठवड्यांतच आजीच्या लक्षात आलं की अर्धी अयोध्या आपलीच आहे. दशरथ म्हणजे बाळ धुरी, कौसल्या म्हणजे जयश्री गडकर, आणि ते दोघं खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको. मंथरा ललिता पवार, मूळच्या येवल्याच्या. आणि भरत संजय जोग. दिल्लीच्या कार्यक्रमात, हिंदी बोलत का होईना, पण आपली माणसं. आजी त्यांना नावानेच हाक मारायची, कौसल्या कधी म्हणायची नाही, जयश्रीबाई आल्या म्हणायची. हे सगळं सांगतोय ते उगाच नाही, पुढे माझा निर्णय जिथे फिरला तिथे हेच आडवं आलं.

आता नेटची बाजू, आणि ती खरंच मोठी आहे, मला ती कमी दाखवायची नाही. जे डीव्हीडीवर कधी आलंच नाही ते सगळं तिथे आहे. सह्याद्रीच्या चॅनेलवर जुने मराठी कार्यक्रम आहेत, प्रसार भारतीच्या संग्रहातून गाणं, मुलाखती, नाटकांचे तुकडे आलेत, आणि जे आम्हाला लहानपणी मिळालं नाही ते मी चाळिशी उलटल्यावर लोकमान्य नगरच्या घरात बसून बघितलं. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ मी पहिल्यांदा नीट बघितला तो मोबाइलवर, रात्री, कानात हेडफोन घालून, आणि बघताना सारखं वाटत होतं की आजी असायला हवी होती. मराठीसाठी नेटला पर्यायच नाही, सेट शोधत बसू नका. तसंच मधल्या जागांचं. जाहिराती, बातम्यांच्या आधीचं ते फिरणारं चिन्ह आणि त्याची धून, रुकावटीबद्दल खेदाची पाटी, 15 ऑगस्ट 1988 ला पहिल्यांदा लागलेलं भीमसेन जोशींपासून सुरू होणारं ते एकात्मतेचं गाणं, ज्यात मराठी ओळ आली की आम्ही सगळे एकदम जोरात म्हणायचो. डीव्हीडीवाल्यांनी हे काही ठेवलेलं नाही, त्यात फक्त मालिका असते. आणि आता प्रसार भारतीचं स्वतःचं वेव्ह्ज नावाचं ॲपही आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, जुन्या मालिकांपैकी बरंच त्यावर आहे. मावसभावाला म्हटलं, काहीही कर पण ते फोनवर घेऊन ठेव.

नेटवरचे बारीकसारीक त्रास तुम्हाला माहितीच आहेत. कैकेयी वर मागते आणि मध्येच पंख्याची जाहिरात येते. एक भाग एकाने टाकलेला, पुढचा दुसऱ्याने, मधला सापडतच नाही, सापडतो तो अर्धा. सुरुवातीचं गाणं कापलेलं असतं, का तर लोकांना कंटाळा येतो म्हणे, अरे पण ते गाणं ऐकूनच तर आम्ही गच्चीवरून धावत खाली यायचो. एक भाग संपला की पाच सेकंदात दुसराच काहीतरी सुरू होतो आणि आईला रिमोटवरचं नेमकं बटण सापडेपर्यंत कोणीतरी ओरडून भविष्य सांगत असतं. हे सगळं मी चालवून घेतलं असतं. दोन वर्षं चालवून घेतलंही.

बिनसलं ते भरतभेटीच्या भागाला.

झालं असं, की आई आणि मी बसलो होतो, शेजारच्या काकू पण आल्या होत्या, पोहे झाले होते. टीव्ही 43 इंची, नेटवरून लावलेलं, चित्र भरभक्कम, पूर्ण स्क्रीनभर. चित्रकूटचा प्रसंग. राम परत यायला नाही म्हणतात, भरत पादुका मागतो आणि त्या डोक्यावर घेतो. आजी इथे दर वेळी पदर डोळ्याला लावायची, 1987 मध्ये पण आणि नंतर जेव्हा जेव्हा लागलं तेव्हा पण. तर पादुका डोक्यावर घेतल्या आणि चित्र जवळ आलं, आणि संजय जोगांचा चेहरा दिसतोय, डोळ्यातलं पाणी दिसतंय, कपाळ दिसतंय, आणि पादुका नाहीत. कपाळाच्या वर स्क्रीन संपली. आई म्हणाली, अरे पादुका कुठे गेल्या? मला काही उत्तर देता येईना.

पहिला संशय मी आपल्याच टीव्हीवर घेतला. तुम्हीही आधी तेच करा, कारण बऱ्याच टीव्हींवर चित्र झूम किंवा वाइडवर ठेवलेलं असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. रिमोटवर पिक्चर साइझचं बटण दाबून बघितलं, सगळे पर्याय फिरवले, पादुका काही येईनात. मोबाइलवर तोच भाग लावला, तिथेही तेच. म्हणजे ज्याने कोणी तो टाकला होता त्यानेच चित्र कापून टाकलं होतं.

कारण साधं आहे. जुना टीव्ही चौकोनाच्या जवळचा, चारास तीन. आताचा लांबट, सोळास नऊ. जुनं चित्र नव्या टीव्हीवर जसंच्या तसं लावलं तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, आणि लोकांना त्या पट्ट्या नको असतात, पैसे देऊन मोठा टीव्ही घेतला आणि त्यातला एवढा भाग काळा का असं वाटतं. मग दोनच मार्ग उरतात. एक तर आडवं ताणायचं, की सगळे चेहरे एक तृतीयांशाने रुंद, लक्ष्मण दारासिंगांसारखा आणि दारासिंग तर विचारूच नका. नाहीतर वरून खालून कापायचं. आणि कापायचं म्हणजे थोडंथोडकं नाही, हिशोब करून बघा, पूर्ण पाव चित्र जातं. आपल्या जुन्या प्रक्षेपणात दिसणाऱ्या ओळी 576 असायच्या, त्यातल्या 432 उरतात. काही जण तर आणखी थोडं झूम करतात किंवा चित्र आरशासारखं उलटं करतात, का तर कॉपीराइटची जी आपोआप तपासणी असते तिच्यात पकडलं जाऊ नये म्हणून. अशा एका भागात सगळे धनुर्धारी डावखुरे झालेले मी स्वतः बघितलेत.

ताणलेलं असेल तर उपाय आहे, टीव्हीचं चित्र चारास तीनवर केलं की सगळे परत सडपातळ होतात, निदान जिथे टीव्ही ते बटण चालू देतो तिथे. कापलेलं मात्र गेलं ते गेलं. ते त्या फाइलमध्ये नाहीच.

आणि पौराणिक मालिकेत हे फार लागतं, सामाजिक मालिकेत एवढं कदाचित जाणवणार नाही. कारण इथे सगळा भाव वर किंवा खाली असतो. वर मुकुट, खाली पाय. कोणीतरी सारखं कोणाच्या तरी पाया पडतंय, आणि पाय चित्रात नाहीत. माणूस वाकतो आणि स्क्रीनच्या खाली नाहीसा होतो आणि परत वर येतो. एकदा हे लक्षात आलं की मग दुसरं काही दिसतच नाही, मी तरी पुढचे चार रविवार फक्त काय कापलंय तेच बघत होतो. आई काही बोलली नाही, पण तिने पाचव्या रविवारी सांगितलं की मला आज पडून राहू दे.

तेव्हा मी सेट शोधायला लागलो.

डीव्हीडीचं सुख सांगण्याआधी दुःख सांगतो, म्हणजे नंतर मला बोल लावू नका. नवा सेट दुकानात मिळेल ही आशा सोडा. सीडी-डीव्हीडीची दुकानं आता मोबाइल कव्हरची झालीत. मी जेल रोड दोन संध्याकाळ पालथा घातला, एकाने तर विचारलं, भिया, वो क्या होता है? शेवटी एका बंद पडलेल्या लायब्ररीवाल्याकडे ओळखीतून जुना सेट मिळाला. 78 भागांचं रामायण, खोके फाटलेलं, आणि घरी येऊन मोजलं तर एक डिस्क कमी. त्याला फोन केला तर म्हणाला होती, तुमच्याकडेच पडली असेल. दुसऱ्या ठिकाणाहून ती एक डिस्क मिळवायला मला पाच महिने लागले. प्लेअर जुनाच घेतला, 800 रुपयांना, आणि मग कळलं की नव्या टीव्हीला ती लाल-पांढरी-पिवळी भोकंच नाहीत, मग एचडीएमआयचा कन्व्हर्टर आणखी 350. त्या प्लेअरची लेन्स महिन्याभरात थकली, चित्र अडकायला लागलं, ती साफ करून घेतली तेव्हापासून बरा चाललाय. डिस्कवर ओरखडा असेल तर चौकोन चौकोन होतात. आणि चित्र फार सुंदर वगैरे दिसेल असं समजू नका, मोठ्या टीव्हीवर ते मऊच दिसतं, जेवढं मुळात होतं तेवढंच दिसणार. नेटवर कोणी एचडी लिहिलं असलं तरी मूळ 576 ओळींत जे नाही ते कुठून आणणार, तेव्हा त्या शब्दावर जाऊ नका.

एवढं सगळं करून पहिली डिस्क लावली. काळ्या पट्ट्या आल्या दोन्ही बाजूंना. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, ती म्हणाली बाबा, हे चित्र छोटं का झालं? मी म्हटलं छोटं नाही झालं, एवढंच होतं. मग मी मधले सगळे भाग सोडून सरळ भरतभेटीची डिस्क लावली, आईला हाक मारली, काकूंना पण बोलावलं.

पादुका होत्या.

आई उठून टीव्हीजवळ गेली, काही बोलली नाही, हात जोडले आणि परत येऊन बसली. मला एवढंच मोजमाप पुरेसं आहे. कोणी म्हणेल की एका प्रसंगावरून काय ठरवायचं, आणि त्याचंही बरोबर असेल, पण आम्ही जी गोष्ट परत बघायला निघालो होतो ती तीच होती.

दुसरा फायदा मला आधी सुचला नव्हता. डिस्क संपली की टीव्ही गप्प होतो. पुढचं काही आपोआप लागत नाही. मेनू येतो, तेच तेच संगीत वाजत राहतं, आणि मग कोणीतरी उठून बंद करतं. आमच्याकडे आता रविवारी साडेनऊला एकच भाग लागतो, संपला की आई आणि काकू अर्धा तास त्याच्यावरच बोलतात, कोणाच्या घरी शटरचा टीव्ही होता, कोण अँटेना फिरवायला गच्चीवर जायचं आणि खालून आला आला, गेला गेला असं कोण ओरडायचं, लाइट गेली की सगळी गल्ली कशी बाहेर यायची. नेटवर बघायचो तेव्हा हे बोलणं होत नव्हतं, कारण पुढचा भाग लागलेला असायचा. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने परत लावलं होतं तेव्हासुद्धा सकाळी एक आणि रात्री एक असं होतं, तेव्हाही छान वाटलं, पण ती घाई होती. आठवडाभर थांबण्याची गोडी वेगळी, निदान आमच्या पिढीला तरी.

सगळ्या मालिकांसाठी मी हेच सांगणार नाही. महाभारत 94 भागांचं आहे, एवढा मोठा सेट पूर्ण मिळणं कठीण, आणि त्यात रथ आणि रणांगण जास्त असल्याने कापलेलं तितकं टोचणार नाही असं मला वाटायचं, पण नितीश भारद्वाजांच्या डोक्यावरचं मोरपीस अर्ध्यात कापलेलं बघितलं आणि तेही मत बदललं. मालगुडी डेज मात्र जिथे चांगलं मिळेल तिथे बघा, त्यात सुरुवातीची आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि ती धून असली म्हणजे झालं. तो आगुंब्याचा पाऊस आणि ती गल्ली मुलीलाही आवडली, तिला रामायणापेक्षा तेच जास्त आवडलं हे मला मान्य करावं लागेल. भारत एक खोजचे 53 भाग जो नेटवर सलग बघू शकेल त्याने खुशाल बघावेत, ते अभ्यासासारखं बघायचं काम आहे, थांबवून, मागे जाऊन, आणि तिथे नेट बरंच सोयीचं. सुरभि, जाहिराती, कार्टून हे सगळं पण नेटवर. बाहेरगावी असाल, होस्टेलला असाल, एकट्याने रात्री बघायचं असेल, तर डीव्हीडीच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

आणि नेटवरच बघायचं ठरवलं तर एवढं करा, शक्यतो अधिकृत चॅनेलवरचं किंवा ॲपवरचं शोधा, तिथे ही कापाकापी मला क्वचितच दिसली. ज्या चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आहेत ते निवडा. आपल्याला उलटं वाटतं, पूर्ण स्क्रीन भरली म्हणजे चांगलं, पण जुन्या मालिकेच्या बाबतीत पट्टी दिसली म्हणजे चित्र पूर्ण आहे असं समजायला हरकत नाही. पट्टी नसेल तर वर मुकुटाचं टोक आणि खाली पाय आहेत का ते एकदा बघून घ्या.

मावशीसाठी विचारशील तर माझं मत सेटकडे झुकतं, हे तुला फोनवरही कळलं असेल. तिला रिमोटवरची एवढी बटणं जमणार नाहीत, तिला एक डिस्क घालायला जमेल, आणि तिला घाई नाही. पण सेट घेताना खोक्यावरचं चित्र बघून घेऊ नकोस, डिस्क सगळ्या मोज, एकेक उजेडात तिरकी धरून बघ, आणि विकणाऱ्याकडे प्लेअर असेल तर तिथेच भरतभेटीची डिस्क लावायला सांग. तो म्हणेल की शुरू का देख लो भिया, सब सेम है. तू तरी पण तीच लावायला सांग, पादुका डोक्यावर घेतो तिथपर्यंत थांब, आणि मगच पैसे दे.